सामाईक स्वयंपाकघर आणि विजेची बटणे

घर एकाच लहानशा कुटुंबाचे असले म्हणजे बटण दाबणारा हात आणि उपकरण हाताळणारा हात बहुधा एकाच माणसाचा असतो. जुन्या नाशकातील वाड्यांत मात्र तसे नसते. भद्रकालीच्या किंवा पंचवटीच्या बाजूस अद्याप असे वाडे उभे आहेत की, ज्यांत चार-पाच बिऱ्हाडे एकाच जिन्याने वर जातात, मोरी सर्वांची मिळून एक असते आणि सर्वांचे मीटर देवडीतील एकाच फळीवर ओळीने बसविलेले असतात. गंगापूर रोड किंवा कॉलेज रोडवरील नव्या इमारतींतही स्थिती फारशी निराळी नाही. तेथे चार विद्यार्थी, अथवा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत जाणारे चार तरुण, मिळून एक जागा घेतात आणि एकाच ओट्यावर चौघांची किटली, शेगडी व मिक्सर नांदू लागतात. एकत्र कुटुंबाचे स्वयंपाकघर हेही याच जातीचे होय. अशा घरात एकाने बटण चालू करावे, दुसऱ्याने ते तसेच राहू द्यावे आणि तिसऱ्याने भांड्यात हात घालावा, हे सहज घडते. यंत्र अगदी सुस्थितीत असूनही अपघात होतो तो येथे.

उदाहरणार्थ मिक्सर घ्या. चटणी वाटता वाटता वीज जाते. वाटणारी गृहिणी हात धुऊन दुसऱ्या कामास लागते. मिक्सरची फिरकी दोनवर आहे ती दोनवरच राहते, आणि भिंतीवरचे बटणही चालूच राहते. अर्ध्या घटकेने जाऊबाई येतात. भांडे ओट्यावर पडलेले पाहून त्या झाकण काढतात व पात्याला चिकटलेले खोबरे बोटाने काढू लागतात. त्याच क्षणी वीज आली तर काय होईल, हे सांगावयास नको. वीज गेली असता हाती असलेले उपकरण आधी शून्यावर आणावयाचे, मग भिंतीवरचे बटण बंद करावयाचे आणि मगच हात पुसावयाचे, हा क्रम घरातील प्रत्येकाच्या अंगवळणी पडला पाहिजे. भांडे धुण्यासाठी किंवा पाते काढण्यासाठी हात आत घालावयाचा झाल्यास तेवढ्यानेही भागत नाही. प्लगच उपसून ओट्यावर ठेवावा. उपसलेला प्लग पुढून येणाऱ्या माणसास दिसतो, बंद बटण दिसत नाही.

येथे कोणी विचारील की, बटण बंद केल्यावर प्लग काढण्याचे प्रयोजन काय? त्यासाठी बटण मुळात करते काय, हे पाहिले पाहिजे. उपकरणाकडे विजेच्या दोन तारा जातात. एक भारित तार, जिला वायरमन फेज म्हणतो; दुसरी परतीची, म्हणजे न्यूट्रल. भिंतीवरील साधे बटण या दोहोंपैकी फक्त एकच तार तोडते. ती फेजची असावी, असा नियम आहे. परंतु घाईत काम करणाऱ्याने तारा उलट जोडल्या, तर बटण तोडते ते न्यूट्रल. मग दिवा विझतो, मिक्सर थांबतो, सर्व काही बंद झालेसे वाटते, आणि तरीही उपकरणाच्या आत २३० व्होल्टचा दाब जिवंत असतो. जुन्या वाड्यांत एकावर एक अशी अनेकांच्या हातची जोडकामे झालेली असतात. तेथे असे आढळले तर नवल मानू नये. गीझरसाठी दोन्ही तारा एकदम तोडणारा मोठा खटका मिळतो, तो याच कारणास्तव. बाकी उपकरणांच्या बाबतीत प्लग काढणे हाच दोन्ही तारा तुटल्याचा खरा पुरावा.

बटण कोणत्या बाजूस दाबले म्हणजे चालू, याविषयीही सर्व घराचे एकमत नसते. आपल्याकडे इंग्लंडप्रमाणे खालची बाजू दाबली की चालू. अमेरिकेत नेमके उलट, वर केले की चालू. जिन्याच्या दिव्याला वर-खाली दोन बटणे असतात, तेथे तर हा नियमही लागू पडत नाही. परदेशात राहून आलेला मुलगा आणि खेड्यातून नुकतीच आलेली आजी एकाच स्वयंपाकघरात असली, तर बोर्डावर प्रत्येक बटणाखाली कागदाची चिठ्ठी चिकटवून मराठीत नाव लिहावे. दिसावयास ते सुरेख दिसत नाही, हे खरे. परंतु फ्रिज समजून गीझर आणि गीझर समजून फ्रिज बंद करणारे घर काही सुरेख म्हणता यावयाचे नाही.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तेथील लेकीने प्रेमाने पाठविलेली किटली किंवा भाताचे भांडे येथे लावण्यापूर्वी त्याच्या बुडाशी काय छापले आहे ते वाचावे. तेथील दाब १२० व्होल्टचा. तसे तापविण्याचे उपकरण आपल्या २३० व्होल्टवर लावले, तर ते साडेतीन पटींहून अधिक वीज ओढू पाहते आणि काही क्षणांत जळते. नुसती पिन बदलणारा जोड घालून दाब बदलत नाही.

आता दिव्यांविषयी. स्वयंपाकघरातील तांबडा दिवा ही पुष्कळांची फसगत करणारी वस्तू आहे. पाणी साठवणाऱ्या गीझरवरचा तापण्याचा दिवा विझला, म्हणजे गीझर बंद झाला असे समजून घरातील मंडळी नळास हात लावतात, प्रसंगी गीझरचे झाकणही उघडू पाहतात. वस्तुतः तो दिवा एवढेच सांगतो की, पाणी ठरावीक उष्णतेस पोचले आणि आतील उष्णतानियामकाने तापविण्याचे काम तात्पुरते थांबविले. वीज दाराशीच उभी असते. पाणी थोडे निवले की ती पुन्हा आत शिरते. इंडक्शन शेगडीची गोष्ट याच्या उलट. ती बंद केल्यावरही आतील पंखा काही वेळ घोंघावत राहतो. तो तिला निवविण्यासाठी असतो. तो ऐकून ‘अजून चालूच आहे’ असे म्हणत कोणी प्लग ओढू नये. पंखा आपोआप थांबू द्यावा. मिक्सरच्या बुडाशी एक लहान तांबडी गुंडी असते. भांड्यात डाळ फार भरल्याने यंत्रावर ताण आला की ती बाहेर येते व मिक्सर मुका होतो. तो बिघडला असे समजून दुरुस्तीस नेण्यापूर्वी प्लग काढावा, थोडा वेळ निवू द्यावा, डाळ कमी करावी आणि ती गुंडी आत दाबावी.

पाणी तापविण्याच्या रॉडविषयी माझे मत कठोर आहे. सामाईक मोरीत तो असूच नये. बादली धातूची, फरशी ओली, पाय अनवाणी, आणि ‘पाणी तापले का’ म्हणून बोट बुडवून पाहणारे कोणी ना कोणी घरात असतेच. ज्यांना दुसरा उपायच नाही त्यांनी बादली प्लॅस्टिकची घ्यावी, रॉड पाण्यात बुडाल्यावरच बटण चालू करावे आणि प्लग काढल्यावाचून पाण्यास स्पर्श करू नये. मुलांना तेथे फिरकू देऊ नये.

किती उपकरणे एका ठिकाणी लावावीत, याचा हिशेब कठीण नाही. उपकरणावर छापलेल्या वॅटना २३० ने भागले की अँपिअर मिळतात. शेगडी २००० वॅट, किटली १५००, मिक्सर ७५०. बेरीज ४२५० वॅट, म्हणजे सुमारे साडेअठरा अँपिअर. हे तिन्ही एकाच लोंबत्या एक्स्टेंशन बोर्डावर लावले आणि तो बोर्ड ६ अँपिअरचा असला, तर त्याची तार भिंतीआड, कपड्यांआड, कोणाच्या ध्यानात न येता तापत राहते. आपल्याकडे सॉकेट दोन मापांची: लहान ६ अँपिअरची व मोठी १६ अँपिअरची. पूर्वी हीच मापे ५ आणि १५ अशी होती. म्हणून वडीलधारी मंडळी अजून ‘पंधराचा प्लग’ म्हणतात. शेगडी, गीझर व किटली यांची जागा मोठ्या सॉकेटातच. चौघांनी मिळून राहावयाचे असेल, तर सकाळी सातला कोणाची किटली आणि कोणाची शेगडी, हे आधी बोलून ठरवावे. भाड्याच्या वाटणीइतकीच ही वाटणीही महत्त्वाची आहे.

तीन पिनांपैकी वरची पिन जाड व लांब का असते, हा प्रश्न मुले विचारतात आणि मोठे टाळतात. ती अर्थिंगची पिन. लांब असल्यामुळे प्लग घालताना ती सर्वांच्या आधी लागते व काढताना सर्वांच्या शेवटी सुटते. उपकरणाच्या धातूच्या अंगावर चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जाण्यास ही वाट असते. नाहीतर ती वाट आपल्या शरीरातून निघते. ही पिन कापून टाकणारे, किंवा दोन पिनांचा जोड घालून काम भागविणारे लोक सुशिक्षित घरांतही आढळतात. वाड्यांत आणखी एक अडचण आहे. पूर्वी पुष्कळ ठिकाणी अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपास गुंडाळून देत. पुढे ते जुने पाइप काढून प्लॅस्टिकचे घातले गेले. तार आहे तेथेच आहे, पण तिचा जमिनीशी संबंध तुटला, आणि हे कोणाच्याही लक्षात आले नाही. आपल्या वाड्यात असे झाले आहे काय, हे परवानाधारक वायरमनकडून एकदा मोजून घ्यावे. घरमालक म्हणेल, ‘तीस वर्षे असेच चालू आहे.’ ते ऐकून घ्यावे आणि मोजणी करून घ्यावी.

देवडीतील पेटीत हल्ली फ्यूजच्या जागी एम. सी. बी. नावाचे खटके असतात. ते पडले की लोक त्यांस संरक्षक समजून निश्चिंत होतात. परंतु ते संरक्षण करतात ते तारांचे, माणसाचे नव्हे. १६ अँपिअरचा खटका तेवढ्या प्रवाहापर्यंत स्वस्थ बसतो. आणि माणसाच्या छातीतून एका अँपिअरचा दहावा हिस्सा गेला तरी हृदयाची लय बिघडू शकते. माणसासाठी निराळा खटका आहे, त्याचे नाव आर. सी. सी. बी. जाणारी वीज व परतणारी वीज यांत ३० मिलिअँपिअरचे, म्हणजे सोळा अँपिअरच्या पाचशेव्या भागाहूनही कमी, अंतर पडले तरी तो निमिषार्धात प्रवाह तोडतो. त्यावर ‘टी’ अक्षराची एक गुंडी असते. महिन्यातून एकदा ती दाबून खटका पडतो की नाही ते पाहावे. एकाच वेळी फेज व न्यूट्रल दोन्ही तारांना हात लागला, तर मात्र तोही फसतो. यास्तव त्याच्या भरवशावर उघड्या तारा सोडू नयेत.

बिऱ्हाडांच्या शेजारधर्मातून उद्भवणारा एक धोका विशेष सांगण्याजोगा आहे. ‘आमची वीज गेली, तुमच्याकडून एक वायर द्या’ असे म्हणून खिडकीतून तार ओढली जाते. ती दोन दिवसांची सोय दोन वर्षे टिकते. मग आपण आपला मेन बंद करून निर्धास्तपणे सॉकेट उघडतो, आणि त्यात शेजाऱ्याची वीज असते. मोठ्या वाड्यात निरनिराळ्या बिऱ्हाडांस निरनिराळे फेज दिलेले असतात. दोन फेजांतील दाब २३० नव्हे तर सुमारे ४०० व्होल्ट. अशा दोन घरांच्या तारा एकाच ओट्यावर येऊ देऊ नयेत. त्याचप्रमाणे, एका बिऱ्हाडातील दिवे एकाएकी डोळे दिपविण्याइतके प्रखर झाले आणि दुसऱ्यातील मंद पडले, तर इमारतीची सामाईक न्यूट्रल तुटली असण्याचा संभव असतो. अशा वेळी सर्वांनी आपापले मेन तत्काळ बंद करून १९१२ या क्रमांकावर महावितरणास कळवावे. फ्रिज वाचतील.

मेनचा खटका कोठे आहे, हे घरातील किती जणांस ठाऊक असते? भांडी घासण्यास येणाऱ्या बाईंना तर कोणी ते दाखवीतही नाही. आणि ओल्या हाताने ओट्यापाशी सर्वांत अधिक वेळ त्याच असतात. त्यांना पहिल्या दिवशीच तो दाखवावा. मीटरच्या फळीपुढे सायकली, पोती, जुनी कपाटे रचू नयेत. एखाद्यास विजेने धरले, तर त्याला हात लावून ओढू नये. आधी मेन पाडावा. ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडी काठीने, कोरड्या जागेवर उभे राहून, त्याला तारेपासून दूर सारावे. श्वास थांबला असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईतो दोन्ही तळवे छातीच्या मधोमध ठेवून जोराने व भराभर, मिनिटास शंभराहून अधिक वेळा, दाब देत राहावे.

शेवटी गंगेच्या पुराविषयी. रामकुंडावरील दुतोंड्या मारुतीच्या कमरेस, गळ्यास पाणी लागले, या हिशेबाने नाशिककर पूर मोजतात. २ ऑगस्ट २०१६ व ४ ऑगस्ट २०१९ या दोन्ही दिवशी नदीकाठच्या जुन्या वस्तीने तो अनुभव घेतला आहे. पाणी देवडीपर्यंत येण्याची चिन्हे दिसताच, पाय कोरडे आहेत तोवर मेन पाडावा. पाण्यात उभे राहून तो पाडण्यास जाऊ नये. पूर ओसरल्यावर घाई होते ती नेमकी स्वयंपाकघराची. चहा हवा असतो, फ्रिज चालू करावयाचा असतो. परंतु जे सॉकेट, जो मिक्सर, ज्या फ्रिजची मोटर पाण्याखाली गेली, ती वरून कोरडी दिसली तरी आत गाळ व ओल धरून असते. वायरमनने प्रत्येक बिऱ्हाडाच्या तारा तपासून दिल्यावाचून सामाईक मेन वर करू नये. आणि खालच्या मजल्याची तपासणी व्हावयाची असताना वरच्या मजल्यावरील मंडळींनी ‘आमच्याकडे कोठे पाणी आले होते’ म्हणून तो परस्पर वर करू नये. तोवर चहा गॅसवर होतो.