तोफांच्या मागावर एक दिवस

चिखलदऱ्याहून गाविलगड किल्ला पायी गाठता येतो. नीट पाहायचा तर अख्खा दिवस हाताशी हवा. दिल्ली दरवाजावरचे गंडभेरुंड शिल्प चुकवू नये. पुढे देवतलाव.

डिसेंबर १८०३, दुसरे इंग्रज-मराठा युद्ध. कर्नल स्टीव्हन्सनच्या इंग्रज फौजेने सातपुड्याच्या डोंगरातून स्वतःच रस्ता करत अवजड तोफा गडाच्या उत्तरेला ओढून आणल्या. इंग्रज सेनापती आर्थर वेलस्ली दक्षिणेकडे होता, पण त्या चढावर त्याच्या जड तोफा चढेचनात. खिंडारे पडली ती उत्तरेलाच. श्रेय मात्र बहुतेकदा वेलस्लीला!

१५ डिसेंबरला हल्ला झाला. आतली तटबंदी शाबूत होती. कॅप्टन कॅम्पबेलच्या तुकडीने शिड्या लावून ती ओलांडली आणि आतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग त्याच लढाईत पडला.