वासुकी, जरत्कारू आणि सातपुड्याची कविता

1918 साली रशियन कवी अलेक्झांडर ब्लोकने ‘बारा’ या दीर्घकवितेत क्रांतीच्या पेट्रोग्राडमधून बारा लाल सैनिक चालवले आणि अखेरीस त्यांच्या पुढे येशू ख्रिस्त आणला. पाठोपाठ मरीना त्स्वेतायेवाच्या कवितेत फेड्रा आली, आन्ना अख्मातोवाच्या कवितेत मागे वळून पाहणारी लोटची बायको. भोवतालचं जग कोसळत असताना जुन्या कथाच त्यांच्या कामी आल्या.

मराठीत या वाटेने फार लांब गेले ते अरुण कोलटकर. ‘भिजकी वही’त त्यांनी जगभरच्या मिथकांतल्या आणि इतिहासातल्या दुःखी बायका एकत्र आणल्या. 2004 साली त्यांची ‘सर्पसत्र’ ही इंग्रजी दीर्घकविता आली. जनमेजयाने साऱ्या नागकुळाच्या संहारासाठी मांडलेल्या यज्ञाची ही कथा. कोलटकरांनी ती नागकन्या जरत्कारूच्या तोंडी दिली. आपल्या मुलाला, आस्तिकाला, ती मागचा सगळा हिशेब ऐकवते. अर्जुन आणि कृष्णाने जाळलेलं खांडववन, त्यात होरपळलेले पशुपक्षी आणि अरण्यात राहणारी माणसंही त्या हिशेबात येतात. ‘वीर’ हा शब्द तिच्या बाजूने पाहिला की टिकत नाही.

भिलांनी मात्र महाभारताचा हा डाव कधीच उलटवलेला आहे. उत्तर गुजरातेतल्या डुंगरी भिलांचं मौखिक ‘भारथ’ भगवानदास पटेल यांनी ध्वनिमुद्रित करून ग्रंथरूपात आणलं. त्यात नागराजा वासुकी हस्तिनापुरात शिरतो, अर्जुनाला केसाने बांधून खुंटीला टांगतो आणि द्रौपदीच्या महालात मुक्काम ठोकतो. त्याला आवर घालायला शेवटी कर्ण लागतो. पुस्तकातल्या महाभारताशी मराठी नवकवीला भांडावं लागलं. इथे गाणाऱ्याजवळ स्वतःचं भारथ होतंच.

नंदुरबार जिल्ह्यात मिथक असंच चालतंबोलतं आहे. याहामोगी देवीच्या दर्शनाला महाशिवरात्रीच्या सुमारास सातपुड्यातून माणसांची रीघ गुजरातेतल्या देवमोगऱ्याला लागते. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या राजवाडी होळीत नवस केलेले बुध्ये अंगावर राखेची नक्षी काढतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात, कमरेला दुधी भोपळे बांधतात. रात्रभर ढोल वाजतात आणि होळी पेटते ती पहाटे.

याच जिल्ह्यातल्या शहादा परिसरातून वाहरू सोनवणे आले. श्रमिक संघटनेच्या जमिनीच्या आणि मजुरीच्या लढ्यात घडलेल्या या भिल्ल कवीचा ‘गोधड’ हा संग्रह 1987 साली निघाला. त्यांच्या ‘स्टेज’ या गाजलेल्या कवितेत देव नाही, राजा नाही. व्यासपीठावरची मंडळी आदिवासींचं दुःख आदिवासींनाच समजावून सांगतात. ज्यांचं ते दुःख, ते मात्र खालीच. कथा कोणी सांगायची, हा जरत्कारूचाच प्रश्न इथे साध्या बोलण्यात, कुठलाही पुराणातला मुखवटा न चढवता विचारलेला आहे. 1990 साली पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वाहरूंनी मौखिक परंपरेची बाजू मांडली: लिहिलं गेलं नाही म्हणून ते साहित्य नाही, असं होत नाही.

तरीही मराठी समीक्षेने कोलटकरांना नवकवितेच्या कप्प्यात ठेवलं, वाहरूंना आदिवासी साहित्याच्या, आणि ‘भारथ’ लोकवाङ्मयाच्या अभ्यासकांकडे सोपवलं. ही वाटणी अन्यायाची आहे. नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाच्या बुडिताखाली अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली 33 गावं आली, मणिबेली त्यातलंच. त्या नर्मदाकाठच्या वाचकासमोर ‘सर्पसत्र’, ‘स्टेज’ आणि वासुकीची कथा एकाच बैठकीत ठेवली, तर खांडववन त्याला परकं वाटणार नाही.