वर्दीतल्या खेळाडूचा पहिला हंगाम

आपल्या घरातील कोणी पोलीस दलात, अग्निशमन दलात किंवा १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेवर काम करीत असेल, तर त्याच्या येण्याजाण्याला वेळापत्रक नसते, हे आपणांस नव्याने सांगायला नको. ताट झाकून ठेवण्याची आपणांस सवय झालेली असते. अशा माणसाने चाळिशी ओलांडल्यावर एके दिवशी सांगितले की, आम्ही सहकाऱ्यांनी मिळून फुटबॉलचा संघ काढला आहे आणि मदतनिधीसाठी सामने खेळणार आहोत, तर घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात दोन विचार एकदमच येतात. बरे झाले, हा पहिला. या वयात काही दुखापत झाली तर, हा दुसरा. दोन्ही विचार योग्यच आहेत, आणि म्हणूनच अशा संघाच्या पहिल्या हंगामाकडे घरच्यांनी लक्ष द्यावे, असे मला वाटते.

भंडारा जिल्ह्यातील वाचकांना या माणसांच्या कामाचे वजन ठाऊक आहे. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने गावेच्या गावे वेढली. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, ९ जानेवारी २०२१ च्या मध्यरात्रीनंतर, जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षाला आग लागली. दहा बालके गेली, सात वाचविता आली. २४ जानेवारी २०२५ रोजी जवाहरनगरच्या आयुध निर्माणीतील स्फोटात आठ कामगारांचा मृत्यू झाला. अशा प्रत्येक वेळी धुरात, पाण्यात आणि ढिगाऱ्यात शिरणारी माणसे तिसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीच्या कामावर हजर असतात. घरी आल्यावर ती फारसे बोलत नाहीत. झोप मोडते, चिडचिड वाढते, पोट सुटते, रक्तदाब चढतो, आणि हे सारे ‘ड्यूटीमुळे’ या एका शब्दात गुंडाळले जाते. ज्यांना घरी काही सांगवत नाही, ती माणसे सामन्यानंतर मैदानाच्या कडेला बुटांच्या नाड्या सोडता सोडता सहकाऱ्याशी बोलून जातात. संघाचा हा लाभ कोणत्याही यंत्रावर मोजता येत नसला, तरी मी तो पहिला मानतो.

वर्दीतल्या माणसांनी मदतीसाठी खेळण्याची रीत जगात जुनी आहे. न्यूयॉर्कमध्ये पोलीस आणि अग्निशमन दल यांच्या संघांत १९७३ पासून असा सामना होत आला आहे. त्यांचा फुटबॉल मात्र निराळा, लांबट चेंडू हातात घेऊन धावण्याचा. आपल्याकडच्या गुडघ्यांना तो न मानवणारा. सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यात त्या अग्निशमन संघातील अनेक आजी-माजी खेळाडू गेले, तरी संघ मोडला नाही.

आपल्याकडे तर एका पोलीस संघाने देशाच्या फुटबॉललाच वळण दिले. मराठवाडा ज्या हैदराबाद राज्याचा भाग होता, तेथील हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे पेशाने शिक्षक. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली भारताने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले आणि पुढच्याच वर्षी फुप्फुसाच्या कर्करोगाने ते गेले. रहीम साहेबांची एक पद्धत चाळिशीपुढच्या खेळाडूंनी आजही उचलावी अशी आहे. चेंडू पायात घोळवत न बसता तो लगेच साथीदाराकडे द्यायचा, अशा नियमाच्या स्पर्धा ते भरवीत. खेळाची समज वाढविणे हा त्यांचा हेतू होता. परंतु असे खेळल्याने धक्काबुक्की आणि पाय अडकून पडणेही कमी होते.

आता शरीराच्या लाभाकडे येऊ. डेन्मार्कमधील प्राध्यापक पीटर क्रुस्ट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हौशी फुटबॉलचा औषधासारखा अभ्यास केला आहे. लहान मैदान आणि दोन्ही बाजूंना मोजके खेळाडू, असा त्यांचा खेळ. रक्तदाब असलेल्या मध्यमवयीन पुरुषांनी सहा महिने असे खेळल्यावर त्यांचा वरचा रक्तदाब सरासरी दहा अंकांहून अधिक उतरला. दुसऱ्या एका अभ्यासात साठी-सत्तरीतले, खेळाची सवय नसलेले पुरुष आठवड्यातून दोनदा मैदानात उतरले, आणि चार महिन्यांत त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता सुमारे १५ टक्क्यांनी वाढली. फुटबॉलमध्ये धावणे, थांबणे, वळणे, चालणे सतत आलटून पालटून होते. हृदयाला कधी जोर, कधी उसंत मिळते. शिवाय संघ वाट पाहत असतो, म्हणून माणूस खेळायला येतो. एकट्याने फिरायला जाण्याचा संकल्प किती दिवस टिकतो, हे आपण जाणताच.

धोका आहे तो याच हृदयाचा. अमेरिकेतील अग्निशमन जवानांच्या मृत्यूंचा एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सेवेत असताना होणाऱ्या त्यांच्या मृत्यूंपैकी सुमारे ४५ टक्के हृदयरोगाने होत असल्याचे त्यात नमूद आहे. आग विझविण्याचे प्रत्यक्ष काम त्यांच्या एकूण वेळेच्या एक ते पाच टक्केच असते. पण हृदयरोगाच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्याच वेळात घडले होते. तासन्‌तास बसून राहिलेल्या शरीरावर अकस्मात पडणारा ताण हा या मृत्यूंचा मोठा धागा आहे. रविवारी सकाळी वीस वर्षांनंतर चेंडूमागे सुसाट धावणाऱ्या माणसाचे शरीरही त्याच अवस्थेत असते.

म्हणून पहिल्या सामन्याआधी रक्तदाब, साखर आणि हृदयालेख तपासून घ्यावा, असा आग्रह आपण धरावा. घरात कोणाला कमी वयात हृदयविकाराचा झटका आला असेल, तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगावे. मुलाला ते आठवणार नाही, आपणांस आठवेल. पहिले सहा आठवडे सामना नकोच. चालणे, हलके धावणे आणि लहान मैदानावरचा सराव पुरे. प्रत्येक वेळी वीस मिनिटे शरीर तापवून मगच चेंडूला पाय लावावा. जागतिक फुटबॉल महासंघाने यासाठी आखलेला व्यायामक्रम वापरणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एकतृतीयांश किंवा त्याहून अधिक कमी झाल्याचे आढळले आहे. चाळिशीनंतर टाचेमागची शीर आणि मांडीमागचा स्नायू हीच पहिली बळीची जागा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने त्या सकाळी खेळू नये. ताप असताना तर मुळीच नाही.

आपल्या भागात हंगामही जपून निवडावा लागतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो; तेव्हा मार्चनंतर दिवसा खेळणे हे धाडस नव्हे, अविचार आहे. दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम, पण डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाचा बंदोबस्त लागतो आणि निम्मा संघ तिकडे जातो. पहिला हंगाम असा तुटक होणारच. पंधरा दिवस खंड पडला, तर परतल्यावर पुन्हा हलक्या सरावापासूनच सुरुवात करावी. आणि खर्रा. सामना संपताच कागदाची पुडी उघडणारा खेळाडू आपल्या जिल्ह्यात दुर्मीळ नाही. तंबाखूने हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात, आणि श्रमानंतर लगेच तिचे सेवन म्हणजे थकलेल्या हृदयावर आणखी ओझे. यावर घरच्यांनी रागे भरले तरी चालेल.

खेळताना छातीत दडपण, जबडा किंवा डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा वेगळा दम, डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही झाले तर लगेच थांबावे. ‘गॅस झाला असेल’ म्हणून पुढे खेळू नये. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन हा तरुण खेळाडू सामना चालू असताना कोसळला. मैदानावरच छाती दाबून आणि विजेचा झटका देऊन त्याचे हृदय पुन्हा सुरू करण्यात आले, आणि पुढे तो पुन्हा खेळू लागला. कोसळलेला माणूस हाकेला ओ देत नसेल आणि त्याचा श्वास नीट चालत नसेल, तर एकाने १०८ ला दूरध्वनी करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी, मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. वर्दीतल्या अनेकांना हे शिकविलेले असते. सामना पाहायला जाणाऱ्या पत्नीने, भावाने, मोठ्या मुलीनेही ते शिकून घ्यावे.

एक गोष्ट आपल्यासाठी. इंग्लंडमधील चेस्टरफील्ड येथे २०११ मध्ये पन्नाशीपुढच्यांसाठी चालत खेळायचा फुटबॉल सुरू झाला. त्यात धावण्यास मनाई. एक पाऊल सतत जमिनीवर हवे. अंगणाएवढी सपाट जागा, मऊ चेंडू आणि चार-सहा समवयस्क एवढे त्याला पुरते. चेंडू नसल्याने खेळ अडत नाही, हे तर शेजारच्या नागपूरने दाखविले आहे: पावसात फुटक्या बादलीला लाथा मारीत खेळणारी मुले पाहून विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांनाही आठवड्यातून असा एखादा तास घराबाहेर मिळाला पाहिजे, आणि तेवढ्या वेळापुरते रुग्णाजवळ दुसऱ्या कोणी बसावे. गुडघे किंवा तोल यांची तक्रार असेल, अथवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. रबरी तळव्याचे, मागून बंद असलेले बूट घालावेत. चपला घालून खेळू नये.