नकलेमागचं मूळ

मंडळी, नातवानं गेल्या महिन्यात एक किट मागवलं. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधल्या ल्यूकच्या तलवारीची मूठ. नळी, काळ्या पट्ट्या, चाप, खालची कडी, सगळं सुटं.

आता ही मूठ मूळची कशाची? सिनेमाचे सेट सजवणाऱ्या रॉजर ख्रिश्चनला लंडनच्या एका फोटोच्या दुकानात ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशचे जुने दांडे सापडले. बॅटऱ्या भरायची नळी हो ती! तिच्यावर पट्ट्या चिकटवल्या, चापात कॅल्क्युलेटरच्या आकड्यांवरची भिंगांची पट्टी सरकवली. झाली मूठ. प्रकाशाचं पातं नंतर फिल्मवर रंगवलं.

प्लेटो म्हणतो, सुतार खाटेच्या कल्पनेची नक्कल करतो, चित्रकार सुताराच्या खाटेची. म्हणून चित्र सत्यापासून आणखी लांब. इथं प्लेटो अडतो. या मुठीमागं तलवार नव्हतीच, फ्लॅश होता. किटमधली नळी फ्लॅश म्हणून खोटी. पण तलवार म्हणून सिनेमातल्या मुठीइतकीच खरी. किंवा तितकीच खोटी, काय म्हणायचं ते म्हणा.

"सर, मग हे आपलं उल्हासनगरच झालं की!" 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद अंबरनाथ-बदलापूरला कुणाला सांगायला नको. (ते हात कसबी होते, हे विनोदात राहून जातं.) पण तो छाप गिऱ्हाईक फसावं म्हणून. किट घेणारा सगळं जाणून पैसे मोजतो.

नातवाची एक पट्टी जरा तिरकी बसली. उखडायला निघाला. म्हटलं, "सिनेमातल्या सरळ आहेत का बघ." फोटो मोठा करून पाहिला, तर तिथंही एक तिरकी. पण दुसरीच. तेव्हापासून मूठ टेबलावर अर्धवट पडलीय.