अपुऱ्या दिवसांच्या बाळांची परिचारिका

एच.एस.सी.चा निकाल लागला की आपल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, "आता पुढे काय?" आमच्याही घरी तो निघाला. पुतणीने सर्वांसमक्ष सांगून टाकले, "मी नर्सिंग करणार, आणि पुढे अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या अतिदक्षता विभागात काम करणार." तिच्या वडिलांनी बँकेतल्या नोकरीचा विषय काढला. आजी म्हणाली, "रात्रीची ड्यूटी, आणि तान्ह्या जिवांचे मरण डोळ्यांनी पाहायचे? नको गं बाई!" पोरगी गप्प झाली. आम्ही मात्र त्या दिवसापासून या कामाची माहिती मिळवू लागलो. ती वाचकांपुढे ठेवीत आहोत, कारण हा प्रश्न एकट्या आमच्या घरचा नाही.

३७ आठवडे पुरे होण्याआधी जन्मलेले मूल अपुऱ्या दिवसांचे समजतात. फार लवकर आलेल्या मुलाची फुप्फुसे तयार नसतात. अंगावर चरबी नसल्यामुळे ऊब टिकत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ सुमारे ३४ आठवड्यांपर्यंत नीट बसत नाही. मळ्यावरच्या वसाहतीतली सुईण अशा बाळाला कापसात गुंडाळी आणि पुढचे देवावर सोपवी, असे आजी सांगते. ऊब ही पहिली गरज, हे त्या सुईणीने बरोबर ओळखले होते. आज त्या कापसाच्या जागी इन्क्युबेटर आहे आणि श्वासासाठी व्हेंटिलेटर आहे.

पण यंत्रे असली तरी पहारा माणसालाच करावा लागतो. बाळाचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांत राहिले पाहिजे. ते श्वास घ्यायला विसरले, तर मॉनिटर ओरडतो. पाठीवर हलकेच बोट फिरवून त्याला आठवण करून देते ती परिचारिका. दूध नळीने, मिलिलिटर मोजून द्यायचे. लंगोटसुद्धा वजन करून लघवीचा हिशेब ठेवायचा. औषध वजनाप्रमाणे मोजायचे. तिथे दशांश चिन्ह एक घर चुकले तर मात्रा दसपट होते. म्हणून दोघींनी मिळून ती तपासायची. प्राणवायूही बेतानेच द्यायचा. १९४० आणि १९५० च्या दशकांत तो सढळ हाताने दिल्यामुळे हजारो मुलांची दृष्टी गेली होती.

या कामात परिचारिकेच्या नजरेला किती मोल आहे, याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. १९५६ साली इंग्लंडमध्ये, एसेक्स परगण्यातल्या रॉचफर्ड इस्पितळात, सिस्टर वॉर्ड अशा बाळांचा विभाग सांभाळीत. ऊन पडले की त्या बाळांना अंगणात नेत. एके दिवशी त्यांनी डॉक्टरांना एक बाळ दाखविले. त्याचे अंग फिके झाले होते, पण चादरीचा कोपरा जिथे होता तेवढी जागा पिवळीजर्द राहिली होती. काविळीवर प्रकाश चालतो, हे या निरीक्षणातून पुढे आले. १९५८ मध्ये डॉक्टरांनी त्यावर लेख प्रसिद्ध केला, आणि आज जगभर काविळीच्या बाळांना निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. (मात्र बाळाला घरच्या घरी उन्हात धरणे हा त्यावरचा इलाज नव्हे. बाळ पिवळे दिसले तर इस्पितळ गाठावे.)

आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रातही हेच दिसून आले. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी खेड्यातल्या बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकविले. तिथे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले, असे १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले.

आजीची भीती मात्र खोटी नाही. सर्व बाळे वाचत नाहीत. महिनाभर जपलेले मूल जाते, आणि दुसऱ्या रात्री त्याच खोलीत दुसऱ्या मुलासाठी हात स्थिर ठेवावे लागतात. शेजारी रडणाऱ्या आईला खोटा धीर देता येत नाही आणि तिला एकटीही सोडता येत नाही. "मला बाळे आवडतात" एवढ्यावर हे काम निभत नाही. जिला बारीकसारीक नोंदी ठेवण्याचा कंटाळा नाही, जी चूक झाल्यास लपवीत नाही, आणि जी रडून झाल्यावर पुन्हा कामाला लागते, तिने जरूर या वाटेला यावे.

मात्र पहिल्या दिवसापासून हा विभाग मिळत नाही. आधी सर्वसाधारण नर्सिंगचे शिक्षण, मग नर्सिंग कौन्सिलात नोंदणी, मग वॉर्डातला अनुभव. नेमणूक कुठे होईल तेही आपल्या हाती नसते. म्हणून अर्ज करण्यापूर्वी मुलीने या विभागात काम केलेल्या एखाद्या सिस्टरला भेटावे आणि सर्वांत वाईट रात्र कोणती होती ते विचारावे.

आणि घरच्यांचे काय? संध्याकाळनंतर बस कमी होतात. तिला पोहोचविणारे कोणी हवे. सायक्लोनचा क्लास थ्री लागला की सारे बेट दारे लावून बसते, पण इस्पितळातली बाळे घरी जात नाहीत. गणपतीच्या विसर्जनाला ती ड्यूटीवर असेल, तेव्हा नातेवाइकांना उत्तर आपण द्यायचे. मुलीने हो म्हणण्याआधी घराने हे कबूल केले पाहिजे.

आपल्यात पाचवीच्या रात्री बाळाजवळ जागतात. सटवाई नशीब लिहायला येते म्हणतात. आम्ही आजीला म्हटले, त्या विभागात रोजच पाचवीची रात्र असते. आजी काही बोलली नाही. जेवणे झाल्यावर मात्र तिने सुनेला विचारले, "मागच्या खोलीला जाड पडदा लावता येईल का? पोरीला दिवसा झोपायला उजेड नको."