दीर्घिकांतले वायूचे ढग कशाच्या जोरावर चमकतात?

पाटोद्याजवळच्या माळावर डिसेंबरात आकाश अजूनही गच्च काळं मिळतं. तिथे एम 33 ही दीर्घिका दुर्बिणीतून दाखवताना एका मुलीनं विचारलं, "दादा, तिथले ढग कशानं चमकतात?" प्रश्न फार मोलाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एम 33 सुमारे 27 लाख प्रकाशवर्षं दूर आहे. तिच्यात एनजीसी 604 हा जवळपास 1500 प्रकाशवर्षं रुंदीचा ढग आहे. आतल्या तरुण, तप्त ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनचा इलेक्ट्रॉन उडवतात. तो परत अणूत स्थिरावताना तांबडा प्रकाश बाहेर पडतो.

काही ढगांत मात्र हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन निघालेले असतात. हायड्रोजनला 13.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जा पुरते. हेलियमच्या दुसऱ्या इलेक्ट्रॉनला 54.4 लागते, म्हणजे चौपट! वर्णपटात 468.6 नॅनोमीटरची निळी रेषा दिसली, की समजायचं आत कुणीतरी जबरदस्त आहे.

कोण असतं?

एक, वुल्फ-रायेट तारे. बाहेरचं आवरण उधळून दिलेले. त्यातले काही लाखभर अंश तापलेले.

दोन, कृष्णविवरं. मोठा मॅगेलनी मेघ या छोट्या दीर्घिकेतलं एलएमसी एक्स-1 शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढतं, तो तापून क्ष-किरण सोडतो आणि भोवतालचा ढग उजळतो. 2015 साली सोडलेल्या आपल्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहानंही हा स्रोत न्याहाळलाय. त्यावरची एक क्ष-किरण दुर्बीण मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेनं घडवली.

काही बटू दीर्घिकांत हे दोन्ही मिळूनही त्या निळ्या रेषेचा हिशोब जुळत नाही. त्यावर संशोधन सुरू आहे.

काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा. पहिली दुर्बीण कोणती घ्यावी, तेही सांगेन.