प्राणिसंग्रहालय कोणीं चालवावें?

प्राणिसंग्रहालयांत आपण वाघ पाहतों, माकडांच्या लीलांना हसतों आणि घरीं परततों. वाघाचें मांस, पशुवैद्याचें वेतन, कुंपणाची डागडुजी यांचा खर्च कोण सोसतो, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. शहराची तिजोरी रिती होऊं लागली म्हणजे मात्र तोच प्रश्न साऱ्या नागरिकांपुढें उभा राहतो, आणि 'सार्वजनिक-खासगी भागीदारी' हा उपाय सुचविला जातो. या भागीदारींत मालकी शहराची राहते, व दैनंदिन कारभार करारानें दुसऱ्या संस्थेकडे जातो. हा उपाय कसा पारखावा, हें अमेरिकेंतील डेट्रॉइट शहराच्या उदाहरणानें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

डेट्रॉइटचें प्राणिसंग्रहालय १९२८ सालीं शहराच्या हद्दीबाहेर, रॉयल ओक येथें उघडलें. त्याची १२५ एकर जागा शहराच्या मालकीची, आणि कारभारही शहराचाच होता. परंतु मोटारींच्या कारखान्यांवर भरभराटलेलें हें शहर पुढें ओसरूं लागलें. १९५० सालीं तेथें सुमारें साडेअठरा लाख लोक राहत. २००० सालीं साडेनऊ लाखच उरले. कर देणारे निम्मे झाले, पण जनावरांची भूक कांहीं निम्मी झाली नाहीं.

फेब्रुवारी २००६ मध्यें कारभार दुसऱ्याकडे सोंपविण्याची सूचना नगरसभेनें फेटाळली, आणि संग्रहालय बंद पडण्याची वेळ आली. लोकांत मोठी खळबळ उडाली. राज्याच्या विधिमंडळाकडून ४० लाख डॉलरांच्या साहाय्याचें आश्वासन मिळालें, व १ मार्च रोजीं नगरसभेनें आपला निर्णय फिरविला.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. 'खासगी' म्हटलें कीं नफा कमावणारा व्यापारी डोळ्यांपुढें येतो. डेट्रॉइटनें कारभार दिला तो १९११ सालीं स्थापन झालेल्या व नफा न घेणाऱ्या प्राणिसंग्रहालय-मंडळाकडे. शिवाय लोकांवरील भार नाहींसा झाला असेंही नाहीं. ऑगस्ट २००८ मध्यें वेन, ओकलंड व मॅकोम या तीन जिल्ह्यांच्या मतदारांनीं संग्रहालयासाठीं स्वतःवर कर बसवून घेतला. करपात्र मूल्याच्या दर हजार डॉलरांस १० सेंट, असा तो कर होता. पूर्वीं एका गरीब शहराच्या शिरावर असलेलें ओझें भोंवतालच्या लोकांनींही वांटून घेतलें, हाच त्यांतील खरा लाभ होय.

मग पारख कशाची करावी? पहिली गोष्ट प्रवेशशुल्काची. गरिबाच्या मुलास दार बंद होऊं नये. शुल्क केवळ खासगी हातींच वाढतें असेंही नाहीं. मुंबईच्या राणीच्या बागेचा कारभार महानगरपालिकेकडे असतांही तेथील प्रौढांचें शुल्क २०१७ सालीं ५ रुपयांवरून ५० रुपये झालें. म्हणून शुल्काची मर्यादा करारांतच लिहिलेली असावी.

दुसरी गोष्ट प्राण्यांच्या हिताची. २००५ सालीं, कारभार शहराकडे असतांनाच, डेट्रॉइटच्या संग्रहालयानें विंकी व वांडा या दोन हत्तिणी कॅलिफोर्नियांतील अभयाश्रमांत पाठविल्या; कारण तेथील कडक हिंवाळा व अपुरी जागा त्यांना मानवत नव्हती. हत्ती पाहण्यास गर्दी लोटते, हें ठाऊक असूनही तें केलें. ज्याचें उत्पन्न केवळ तिकिटांवर अवलंबून आहे, तो असा निर्णय घेईल काय? घ्यावाच लागेल, अशी अट करारांत हवी.

तिसरी गोष्ट, करार मोडल्यास पुढें काय, ही. राणीच्या बागेच्याच आवारांतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयासाठीं २००३ सालीं महानगरपालिका, इंटॅक ही संस्था व जमनालाल बजाज प्रतिष्ठान यांनीं त्रिपक्षीय करार केला; जीर्णोद्धारानंतर तें २००८ सालीं पुन्हां उघडलें. परंतु मूर्ति व भांडीं कुलुपांत महिनोन्‌महिने राहूं शकतात. वाघास दोन दिवसही उपाशी ठेवतां येत नाहीं. म्हणून भागीदार निघून गेला तरी शहराजवळ चारापाण्याची तरतूद शिल्लक असली पाहिजे.

कारभार कोणाच्याही हातीं गेला तरी पालकत्व शहराचेंच राहतें, असें आमचें मत आहे. पिंजऱ्यांतील जीवाला मत देतां येत नाहीं व तक्रार करतां येत नाहीं. त्याच्या वतीनें करार वाचण्याचें काम नागरिकांचें आहे, आणि आजचे विद्यार्थी हेच उद्यांचे नागरिक आहेत.